पापडीच्या आळीतली थांबलेली मीटरं

आमच्या सोसायटीच्या वाचनालयाच्या बाई दरवर्षी दिवाळी अंक काढतात. यंदा जिन्यात गाठून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही लिहा." मी म्हटलं, "अहो बाई, मी लोकांच्या घरोघरी जाऊन नुसते आकडे वाचले. त्यावर काय लिहायचं?" तर म्हणाल्या, "मग आकड्यांचंच लिहा." आता एवढ्या शिकलेल्या बाईला नाही कसं म्हणणार! म्हणून लिहायला बसलेय. शाळा माझी सातवीलाच सुटली, पुढचं सगळं लोकांच्या स्वयंपाकघरात उभ्याने शिकले. तेव्हा कुठे गाडी घसरली तर सांभाळून घ्या.

मी पाइपच्या गॅसची मीटर वाचणारी. वसई-विरारमध्ये पाइप आला तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत हेच केलं. त्याआधी सिलिंडरच्या एजन्सीत होते, पण तिथलं आयुष्य म्हणजे "गाडी कधी येणार" या एकाच प्रश्नाचं उत्तर. ते सोडूनच देऊ.

मीटर म्हणजे काय, तर जेवणाच्या डब्याएवढी राखाडी पेटी. तिला काचेची खिडकी, त्यात आकडे. काळे मोजायचे, लाल सोडून द्यायचे, कारण ते दशांशाचे. बिल्डिंगमध्ये मीटर बहुतेक स्वयंपाकघरात असतं, म्हणून कंपनीला बायका हव्या होत्या. दुपारी घरात एकटी बाई असते, ती बाईलाच आत घेते. गावठाणात मात्र मीटर मागच्या पडवीत, भिंतीला. तिथे कुत्र्याशी ओळख असली की झालं.

त्या पेटीच्या आत पडदे असतात. गॅस आला की एक फुगतो, एक बसतो, लोहाराच्या भात्यासारखे. शेगडी चालू असताना मीटरला कान लावला तर बारीक टिकटिक येते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात मागेच घेतला. मला वाटलं, भिंतीत कुणीतरी श्वास घेतंय. पुढे रोजचं झालं, तरी कान लावायची खोड काही गेली नाही. शिकवायला आलेल्या माणसाने तेव्हाच सांगितलं होतं, हा गॅस समुद्राच्या तळाखालून येतो. माणूस जन्मालाही आला नव्हता तेव्हापासून तिथे दबून होता. आणि आता तो आमच्या विरारच्या तिसऱ्या मजल्यावर दूध उतू घालवतोय! मला तर नवलच वाटलं.

हे फक्त मलाच वाटायचं असंही नाही. विरारला एक आजी होत्या, मालवणकडच्या. मुलगा-सून नोकरीला. सुनेची तक्रार, "मावशी, आम्ही दिवसभर घरात नसतो, तरी मीटर पळतं कसं?" मी गेले, जोडाजोडांवर साबणाचं पाणी लावलं. गळती असली की तिथे बुडबुडा धरतो. कुठे काही नाही. मग वळून बघते तर मागची लहान शेगडी अगदी बारीक जळतेय, वर भांडं नाही.

"आजी, ही कशाला?"

"विझवू कशी गो? उद्या पेटली नाही तर?"

त्यांच्या लहानपणी रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि सकाळी फुंकर मारायची. विझले तर करवंटी घेऊन शेजारी विस्तव मागायला जायचं, आणि शेजारीण चार बोलणी ऐकवायची. ती बोलणी नकोत म्हणून आजी दिवसरात्र शेगडी राखत होत्या. मी बटण बंद केलं, परत पेटवून दाखवलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग त्यांनी पाइपवरून हात फिरवला.

"एवढो विस्तव येता कोणाच्या घराकडसून?"

"समुद्राच्या पोटातून, आजी."

त्यांनी वाकून शेगडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पोथीत ऐकलंय मी. वडवानल म्हणतत, तो हाच काय?" मी काय सांगणार! हो म्हटलं. त्यांनी शेगडीला हात जोडले, आणि खरं सांगते, माझेही जोडले गेले.

असं घरोघर फिरताना एक गोष्ट ध्यानात यायला लागली. आकडा एकाच महिन्याचा बघितला तर काही सांगत नाही, पण त्याच घराचा वर्षानुवर्षं बघितला तर घर आपणहून बोलतं. थंडीत वापर वाढतो, कारण नळाचं पाणीच गार येतं, तोच चहा व्हायला जास्त आच लागते. मे महिन्यात माणसं गावी गेली की उतरतो. गणपतीत आमच्याकडे चढतो, नाताळात गावठाणात. हा झाला वर्षाचा फेरा. पण त्याच्याखाली आणखी एक मोठा, संथ उतार असतो. पाइप नवा आला तेव्हा लोकांनी हात सैल सोडला होता. आता सिलिंडर संपायची भीती नाही, मग काडी वाचवायला शेगडी चालूच ठेव, पावसात रुमाल वाळव, सगळं झालं. नंतर हळूहळू आकडे खाली यायला लागले. मुलं शिकून बाहेर गेली. पोळ्या विकतच्या आल्या, दारात पिशव्या घेऊन डिलिव्हरीवाले आले, ओट्यावर विजेच्या किटल्या आल्या. पाच माणसांच्या घरात दोन राहिली, दोनाची एक. हे कुणी कुठे जाहीर करत नाही, पण मीटरला सगळं कळतं. एकाच दारात उभी राहून मी माणसं कमी होताना वाचत होते.

आणि उलटंही व्हायचं. वसईजवळच्या होळी गावात दोन भाऊ होते, भाजीची वाडी होती. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडले आणि घराच्या मधोमध भिंत घातली. दुसरं मीटर बसवलं. माणसं तीच, भूक तीच, पण दोन्ही मीटरं मिळून आधीपेक्षा कितीतरी जास्त पळायला लागली. थोरली जाऊ मला म्हणाली, "बाय, पूर्वी एका आधणात भागायचं. आता इकडे आधण, तिकडे आधण." माणसं वेगळी झाली की विस्तव जास्त लागतो, हे मला तिथे कळलं.

आता वसईतल्या पापडीची गोष्ट सांगते. खरं तर तेवढीच सांगायची होती.

पापडीला वाड्यांमधून आत गेलं की एक आळी आहे, ख्रिस्ती गावकऱ्यांची जुनी घरं. मागे केळी, नारळ. आपसात त्यांची बोली वेगळी, मला ती निम्मीच कळायची. माझ्याशी मात्र तिथल्या बायका शाळेतल्यासारखं नीट बोलायच्या. मला तिथे "मीटरबाय" म्हणायचे. त्या आळीत बहुतेक घरात एकेकटी म्हातारी बाई उरली होती. कुणाचा मुलगा कॅनडात, कुणाची मुलगी मस्कतला, कुणाची मुलं इथेच पण फ्लॅटमध्ये.

एक वर्ष असं झालं की त्या आळीतली मीटरं जवळजवळ थांबली. एकेक करून सगळी; एक रोझीबायचं तेवढं थांबून पुन्हा थोडंसं हलायला लागलं. ऑफिसातलं यंत्र जुना आकडा आणि नवा आकडा ताडून बघतं, फार फरक पडला की लाल खूण देतं. साहेब म्हणाले, "मीटरं अडकली." मग जुनी काढून नवी बसवली. तर नवीही थांबली! आणि त्याच आळीत टोकाचं एक घर, फिलूबायचं, तिथलं मीटर पळत होतं. वर्षामागून वर्षं सगळ्या वसईचा वापर उतरतोय आणि ही एकटी राहणारी बाई चढतेय.

साहेब साताऱ्याकडचे, तरुण, सरळ माणूस. त्यांनी विचार केला तो चुकीचा म्हणता येणार नाही. शेजारची मीटरं थांबलेली, एकच पळतंय, म्हणजे कुणीतरी जमिनीखालून जोडणी फिरवली. माझा तर्क निराळा. फिलूबायच्या हातचे फुगे, म्हणजे ते तळलेले गोल पाव, आणि बाटलीत भरलेला मसाला सगळ्या पापडीत नावाजलेला. मला वाटलं, बाई ऑर्डरी घेते. घरच्या गॅसवर धंदा चालत नाही, तो नियमच आहे. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी जोडणी बंद होणार होती.

आम्ही दोघं गेलो. फिलूबाय म्हणजे वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी बाई, डोक्याला रुमाल, कंबरेला किल्ल्या. साहेबांनी सगळी लाइन तपासली, अगदी केळीच्या आळ्यापर्यंत. जोडणी चोख निघाली.

"घरात कोण कोण असतं?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"एकट्या? मग एवढा गॅस?"

"खाते मी."

साहेबांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढं खाता?"

"दात नाहीत ना, सायबा. भात जास्त शिजवावा लागतो."

मला हसू आलं, पण ओट्यावर पालथं घातलेलं भलंमोठं पातेलंही दिसलं. मी हळूच म्हटलं, "फिलूबाय, ऑर्डर-बिर्डर घेता का? सांगून टाका." ती अशी काही भडकली! "जेवण विकू मी? माझ्या घरचं? आलेल्याला वाढीन, नाहीतर कोंबड्यांना घालीन, पण विकणार नाही. ऐकलंस मीटरबाय?"

मग शेजारी विचारलं. प्रत्येक घरी एकच उत्तर. "मी माझं घरीच रांधते." पाहा आता! घरी रांधता, तर मीटर का हलत नाही? त्यावर सगळ्या आकाशाकडे बघायच्या. शेवटी साहेबांनी फिलूबायला नोटीस दिली. समाधानकारक खुलासा झाला नाही तर अमुक दिवशी जोडणी बंद. तिने ती वाचली, घडी केली, चोळीत ठेवली आणि म्हणाली, "बरं."

तो दिवस उजाडला. सकाळची वेळ होती. साहेब फिटरला घेऊन फिलूबायच्या मागच्या पडवीकडे गेले. मी म्हटलं, "तोवर शेजारच्या रोझीबायचा आकडा घेऊन येते." खरं म्हणजे मला ते बघवणार नव्हतं.

रोझीबायचं मागचं दार उघडं. आत शेगडीवर पातेलं, पाणी खळखळ उकळतंय, आणि ती समोर स्टुलावर बसून त्याच्याकडे बघतेय. आदल्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली होती, उजवं मनगट मोडलं ते नीट बसलंच नाही. वाटीसुद्धा डाव्या हाताने उचलायची.

"अंघोळीचं का?" मी विचारलं.

"नाही."

"मग भाताचं आधण?"

"नाही ग."

पाणी पुष्कळ उकळलं तेव्हा तिने बटण बंद केलं. मग म्हणाली, "जरा गार झालं की केळीला घालते. बस."

माझा चेहरा बघून तिलाच राहवलं नाही. म्हणाली, "बिल मेल्विनच्या मोबाइलवर जातं, कॅनडात. तो भरतो. भरताना बघतो, मम्मीने किती जाळलं." मनगट मोडलं तेव्हाच मुलाने सांगितलं होतं: मम्मी, जोवर तू तुझं रांधून खातेस तोवर राहा, ते जमेना की घर बंद करू आणि तुला चर्चच्या सिस्टर लोकांच्या आश्रमात ठेवू, तिथे बघायला माणसं आहेत. मुलगा वाईट नव्हता हो. तिकडे बसून त्याला झोप लागत नव्हती. पण या बाईचं लग्न होऊन पाऊल पडलं ते याच घरात. मग एका महिन्यात बिल अगदी नाहीसं झालं आणि त्याचा फोन आला, "मम्मी, तू जेवत नाहीस?" त्या दिवसापासून ही बाई रोज रिकामं पाणी उकळत होती. मुलाला दिसावं म्हणून.

"मग जेवता कुठे?"

"फिलूकडे. आम्ही सगळ्याच. पण फिलूला मी शपथ घातली आहे, कुणाला सांगायचं नाही. बाकीच्यांची बिलं कुणी बघत नाही, पण एकीचं फुटलं तर सगळ्यांच्या मुलांना कळेल."

मी पलीकडच्या पडवीकडे बोट दाखवलं. "रोझीबाय, तिची जोडणी आत्ता बंद करतायत. तुम्हाला नोटिशीचं सांगितलं नाही तिने?"

ती उठलीच. "कसली नोटीस?"

आम्ही केळीतूनच पलीकडे गेलो. मीटरजवळच्या कॉकवर फिटरचा हात होता, साहेब घड्याळ बघत उभे. फिलूबाय दारात, तोंड घट्ट मिटलेलं. रोझीबाय तिच्यासमोर जाऊन काय बोलली ते त्यांच्या बोलीत होतं, पण रागवत होती एवढं कळलं. मग साहेबांकडे वळली. "बंद करताय ना? करा. पण आधी आत येऊन बघा काय बंद होतंय ते."

साहेब आत गेले, मी मागोमाग. आणि आम्ही दोघंही उंबऱ्याशीच थांबलो.

आळीतल्या सगळ्या तिथे होत्या. पुढच्या दाराने येऊन बसल्या होत्या, आणि इतके दिवस आमची चाहूल लागताच ज्या मागच्या मागे निघून जायच्या त्या आज हलल्या नव्हत्या. एक जण मासे साफ करत होती. तिला नीट चालता येत नव्हतं, पण हात सुरीसारखे. एकीला दिसत नव्हतं, ती खोबरं खवत होती, बोटांनीच अंदाज घेत. जिची पाठ सरळ होती ती शेगडीपाशी उभी. एकीला सगळं विसरायला व्हायचं, तिच्याकडे रोझरीची माळ दिली होती; ती म्हणत होती आणि तिच्या म्हणण्यावरून भाताची वेळ धरत होते. अमुक इतक्या प्रार्थना झाल्या की उतरवा. रोझीबाय जाऊन लसणापाशी बसली, डाव्या हाताने सोलायला. एकटी कुणीच पूर्ण जेवण करू शकली नसती. सगळ्या मिळून एक धडधाकट बाई झाल्या होत्या, आणि ती बाई दोन शेगड्यांवर सगळ्या आळीचं रांधत होती.

मी एवढी वर्षं आकडे वाचले. थांबलेलं मीटर म्हणजे माणूस गेलं किंवा घर मिटलं, असंच धरून चालले होते. इथे विस्तव फक्त जागा बदलून एका ठिकाणी गोळा झाला होता. मी भिंतीला टेकले. पलीकडे पडवीत मीटरची टिकटिक चालू होती.

साहेब मागच्या दारात गेले. मग फिटरला म्हणाले, "हात काढ." आणि फिलूबायला विचारलं, "कागदावर लिहावं लागेल. घरात माणसं किती?"

"राहायला की जेवायला?"

साहेबांनी पेन थांबवलं. विचार केला. "गॅस जेवायला लागतो ना? जेवायला."

तिने सगळ्यांची नावं घेतली. साहेब म्हणाले, "वापर घरगुती, असं मी लिहितो. पण या प्रत्येकीने सांगावं लागेल की मी इथे जेवते, माझी शेगडी पेटत नाही. उद्या कुणाच्या घरून विचारणा झाली तर मला खरं तेच सांगावं लागेल." एकेक जण हो म्हणाली. मग सगळ्या रोझीबायकडे बघायला लागल्या. फिलूबाय तेवढी बघत नव्हती. ती उगाच पातेलं ढवळत राहिली.

"थांबा," रोझीबाय म्हणाली. "दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे." तिने मला फोन लावायला सांगितला. तिकडे संध्याकाळ होती. पडद्यावर मुलगा दिसला, चाळिशीचा, कामावरून नुकताच आलेला.

"मम्मी? कुठे आहेस तू? एवढी माणसं कोण?"

"फिलूच्या स्वयंपाकघरात आहे. मी इथेच जेवते, मेल्विन. हात मोडल्यापासून. बिलात तुला दिसतं ते नुसतं पाणी आहे."

"पाणी?"

"उकळते मी. तुला दिसावं म्हणून."

पडद्यावर तो तसाच थिजला. मला वाटलं, फोन अडकला. मग हळूच म्हणाला, "मम्मी, आपलं ठरलं होतं."

"तू ठरवलं होतंस. तुझा आवाज तुटत होता म्हणून मी हो हो म्हटलं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. रोझीबायने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सगळं दाखव त्याला." मी दाखवलं. मासे, खोबरं, माळ, भात, फिलूबायची पाठ. फिलूबायने वळून त्याला सुनावलं, "काय रे, लहानपणी माझ्या ताटात जेवून मोठा झालास, तेव्हा तुझ्या मम्मीला कुणी आश्रमात नाही पाठवलं!"

मुलाने चष्मा काढून डोळे पुसले, परत लावला. "ठीक आहे," तो म्हणाला. "मग आपल्या घरातलं कनेक्शन तरी बंद करून टाक, मम्मी. वापरतच नाहीस तर ठेवायचं कशाला?"

"ते राहू दे."

"कशाला?"

"तू येशील तेव्हा तुला चहा काय शेजाऱ्यांकडे पाजू?"

खोबरं खवणारीचे हात थांबले. त्या विसरभोळ्या बाईची माळसुद्धा थांबली. पडद्यावर तो मान खाली घालून बसला होता.

"साखर कमी घाल," शेवटी तो म्हणाला. "आता मी कमी घेतो."

"ऐकलंत?" रोझीबायने सगळ्यांकडे बघत विचारलं. "कमी साखर म्हणे!" आणि फोन बंद झाल्यावर ती परत खाली बसली. फिलूबायने लसणाची परडी तिच्यापुढे सरकवली.